आप्पांचा घोडा

मु. पिंपरवाडी, धारूरजवळ
फाल्गुन शुद्ध सप्तमी, शके १८४४

चि. त्रिंबक यास विठ्ठलरावाचे आशीर्वाद.

आप्पांना जाऊन दोन महिने होत आले. तेराव्याला तू येशील म्हणून पंगत ऊन कलेपर्यंत थांबवून धरली होती. मग तुझा कागद आला की दफ्तरातून रुखसत मिळाली नाही. मी गावाला सांगितलं, निजाम सरकारचं अर्धं राज्य आमच्या त्रिंबकाच्या सहीवर चालतं, तो उठून आला तर कारभार बंद पडेल. गावाने माना डोलावल्या. बापाच्या तेराव्याला न येणारा मुलगा मोठा हाकीम असला पाहिजे, असंच लोकांनी धरलं आहे, तू साधा अहलकार, कारकून आहेस हे मी बोललो नाही.

पत्राचं कारण दुसरं. आपल्या देवघरातले पूर्वजांचे चांदीचे टाक तुला आठवत असतील. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, सगळे घोड्यावर, सगळ्यांच्या हातात तलवार आणि सगळ्यांचं तोंड एकसारखं, कारण सोनाराकडे पुरुषाचा ठसा तेवढा एकच. यंदाच्या अक्षय तृतीयेला आप्पांचाही टाक बसवायचा आहे. एकदा बसला की तो देव झाला, मग बदलता येत नाही, म्हणून आधीच विचारून घेतो. अडचण अशी की आप्पा घोड्याला भ्यायचे. पाटीलकी हाती आली तेव्हा तालुकदारसाहेबांना भेटायला ते ऐटीत घोडीवरून निघाले होते. घोडीने त्यांना ओढ्यात टाकलं आणि ती एकटीच बीडला जाऊन उभी राहिली. त्यानंतर आप्पांनी रिकिबीत पाय घातला नाही. आता मेल्यावर त्यांना जन्माचं घोड्यावर बसवायचं, याचं मला जरा वाईट वाटतं. पण पायी चालणारा पूर्वज मी कुठल्याच देवघरात पाहिलेला नाही. तुझं मत कळव.

आता तुझ्या लेकीबद्दल. शिवकन्या आप्पांच्या बाजेवरून उठत नाही. बाळंतपणात तिची आई गेली आणि तू हैदराबादेला गेलास, तेव्हापासून ती आप्पांच्याच अंगाखांद्यावर वाढली. आता नऊ वर्षांची झाली, पण तुझ्या वहिनीला डोक्याला हात लावू देत नाही. केसांच्या जटा झाल्या आहेत. आमची पोरं शेतात राबण्याएवढी मोठी झाली, आता या वयात आम्हाला पोरीचे हट्ट पुरवणं होत नाही. माजलगावचे रामकिसनराव देशमुख यांचं स्थळ सांगून आलं आहे. दोन बायका वारल्या. वय पस्तिशीच्या अलीकडे, असं मध्यस्थ म्हणतो, म्हणजे पलीकडे. जमीन सिंदफणेच्या काठची, काळीभोर. मला बरं वाटतं. बाप तू आहेस, होकार दे म्हणजे सुपारी फोडतो.

विठ्ठलराव


हैदराबाद दक्खन
चैत्र शुद्ध द्वितीया, शके १८४५

तीर्थरूप दादांच्या चरणी त्रिंबकाचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र वाचून डोळे भरून आले. आप्पांसारखा पिता मिळायला पूर्वपुण्याई लागते. त्यांनी आपल्यासाठी काय केलं नाही? इथल्या मराठी वाचनालयात पुढच्या पंधरवड्यात माझं व्याख्यान ठेवलं आहे, विषय ‘पितृप्रेम’. सगळं व्याख्यान मी आप्पांवरच बेतलं आहे.

दादा, आप्पा घोड्याला भीत होते हे मात्र मला पटत नाही. मी पाच वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, तेव्हा ते मला घोड्यावर घालून मोमिनाबादच्या हकिमाकडे घेऊन गेले होते. मला ते लख्ख आठवतं. घोड्याची ती उबदार पाठ, घामाचा वास, घाट चढताना त्याला लागलेली धाप आणि ती डुलती चाल. त्या पाठीवर मला जे सुरक्षित वाटलं, ते पुन्हा जन्मात कुठे वाटलं नाही. व्याख्यानाचा आरंभ मी याच प्रसंगाने करणार आहे. तेव्हा टाक घोड्यावरचाच असावा. त्यांच्या शौर्याला तेच शोभेल.

चि. शिवकन्येच्या बाबतीत आपण कराल ते योग्यच. रामकिसनरावांचे सख्खे मामा आमच्या खात्यात वरच्या जागेवर आहेत, मोठे सज्जन गृहस्थ. घराणं चांगलं आहे. तिला इकडे आणावं असं मला फार वाटतं, पण घर दोन खोल्यांचं, त्यात सौ. आणि दोन मुलं, शिवाय इथली हवा तिला मानवणार नाही. आपण सुपारी फोडावी.

त्रिंबक


पिंपरवाडी
चैत्र वद्य षष्ठी

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

अरे, तो घोडा नव्हता. ते आप्पा होते.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि पाण्याचा चंबू घेऊन मागून चालत होतो, म्हणून मला माहीत. आपल्या गाडीचा आस घाटाखाली मोडला. आप्पांनी तुला पाठीवर घेतलं आणि मोमिनाबाद येईपर्यंत खाली ठेवलं नाही. तू तापात बरळत होतास. “चल घोड्या, चल” म्हणून त्यांच्या कमरेत टाचा मारत होतास, आणि तुला झोप लागू नये म्हणून आप्पा मधून मधून खिंकाळून दाखवत होते. समोरून दोन ओळखीचे पाटील घोड्यावरून आले. पागोटं घातलेला पाटील खिंकाळतो आहे हे पाहून ते हसत बाजूने गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी त्यांना रामराम घातला आणि पुन्हा खिंकाळले. हकिमाने दोन पुड्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरला. व्याख्यानात ही दुरुस्ती करून घे.

आप्पांची मला फार लाज वाटायची, हे आता ते नाहीत म्हणून लिहितो. शिवकन्येची वेणी ते चावडीवर बसून घालायचे, कारण सकाळी ती त्यांना सोडायची नाही आणि काम तर तिथेच असायचं. तहसीलचा चपराशी हुकूम वाचून दाखवतो आहे, गाव ऐकतं आहे आणि पाटील तोंडात लाल दोरा धरून नातीची वेणी घालताहेत. चपराशाने “समजलं का?” विचारलं की तोंडात दोरा असल्यामुळे ते नुसतं “हूं” म्हणायचे. मी चावडीवर जायचंच सोडून दिलं होतं.

परवा जटा काही सुटेनात म्हणून तुझ्या वहिनीने केस कापायला न्हावी बोलावला. पोरीने असा गळा काढला की सगळी आळी गोळा झाली. मला संताप आला. न्हाव्याला हाकललं, फणी घेतली आणि तिला पुढ्यात बसवून तेल थापलं. दुपार झाली, पण जटा सोडवल्या. दोन वेण्या सारख्या लांबीच्या घालणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कठीण निघालं. एक कानावर आली, एक मानेवर. पोरगी म्हणाली, “काका, आप्पा दोरा दातात धरायचे.” मग धरला. आता रोज सकाळी फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसते. घरात दार लावून घालतो. हे कुणाला लिहू नकोस.

टाकाची चांदी हरिबाबरोबर धारूरला राधाकिशन सोनाराकडे पाठवली आहे. हरिबा आपला जुना गडी, विश्वासाचा. शिवकन्या बांगड्या भरायच्या म्हणून त्याच्याबरोबर गेली. “नेहमीचा ठसा” एवढाच निरोप दिला आहे. माजलगावकर अक्षय तृतीयेनंतर मुलगी बघायला येतो म्हणाले आहेत.

विठ्ठलराव


हैदराबाद दक्खन
वैशाख शुद्ध प्रतिपदा

तीर्थरूप दादांना नमस्कार.

व्याख्यान फार चांगलं झालं. दोन वृद्ध वकील रडले. आपली दुरुस्ती वेळेवर पोचली होती, पण घोडा तसाच ठेवला. खिंकाळण्याचा प्रसंग विद्वानांच्या सभेत बरा दिसला नसता. सभेने ठराव केला की असा पिता घरोघरी व्हावा.

अक्षय तृतीयेला येण्याची फार इच्छा होती, पण रुखसत नाही. रामकिसनरावांच्या मामांनी काल मला स्वतःहून बसायला खुर्ची दिली. माजलगावच्या कामात ढिलाई होऊ देऊ नये.

त्रिंबक


पिंपरवाडी
वैशाख वद्य दशमी

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

पत्र आधी बसून घे आणि मग वाच.

अक्षय तृतीयेला सगळी भावकी जमली होती. हरिबाने टाक फडक्यात गुंडाळून आणला. गहिनीनाथ गुरवाच्या डोळ्यांत सारा पडलेला, त्याला हातातला टाक दिसत नाही. त्याने पंचामृत घातलं, हळद-चंदन थापलं, मंत्र म्हटले आणि आप्पांना आजोबांच्या शेजारी बसवून टाकलं. भावकीने नमस्कार केला आणि पुरणपोळीवर तुटून पडली. संध्याकाळी तुझी वहिनी दिवा लावायला गेली. चंदन वाळून गळालं होतं. तिने आतूनच हाक मारली, “अवं, आप्पांच्या मांडीवर कोन बसलंय हे?”

त्रिंबका, घोडा नाही, तलवार नाही. टाकावर एक बाई मांडी घालून बसली आहे, मांडीवर लेकरू आहे, आणि बाईला झुपकेदार मिशा आणि पागोटं आहे.

मी हरिबाला बोलावलं. तो शपथेवर म्हणाला, “मी नेमका निरोप सांगितला. पन राधाकिसन म्हनला, आप्पा आन् घोडा? देवाच्या ताटात बसायची वस्तू हाय, खोटं ठोकायचं न्हाई. मंग पोरगी म्हनली, मला मांडीवर घेतल्यालं करा. मी म्हनलो, बराबर हाय. आप्पा तसेच बसायचे.”

मांडीवर लेकरू असलेला ठसा राधाकिशनकडे एकच, लेकुरवाळीचा. बाळंतपणात गेलेल्या बाईचा टाक करायचा तर तो वापरतात. त्याने तोच ठोकला आणि वरून छिणीने मिशा आणि पागोटं काढून दिलं. बांगड्या काही निघाल्या नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी तणतणत धारूर गाठलं. तो म्हणाला, “पाटील, चाळीस वर्सं ह्योच धंदा केला. बसल्याला देव मी उठवत न्हाई.” गहिनीनाथही तेच म्हणतो. आता आपल्या सात पिढ्या या बांगड्या भरलेल्या आप्पांना नमस्कार करणार. शिवकन्या मात्र रोज त्यांच्यापुढे बसून दिवसभराच्या गोष्टी सांगते. तिला त्यात काहीच चुकीचं दिसत नाही.

यानंतर माजलगावकर आले. रामकिसनराव, सोबत चार माणसं. मुलगी पाहिली, दाखवणं झालं, सुपारी ताटात ठेवली. रीतीप्रमाणे मी त्यांना देवघरात नमस्काराला नेलं. वाटलं, वाकतील आणि उठतील. पण हा गृहस्थ टाक हातात घेऊन उजेडाला गेला आणि हसत सुटला. “पाटील, तुमचे वडील बांगड्या भरत व्हते का?”

मला काय झालं ते सांगता येत नाही. हेच मी आयुष्यभर मनात म्हणत आलो होतो, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं. मी म्हणालो, “व्हय, भरत व्हते. तुमी एकामागून एक बायका जाळीत व्हता ना, तवा आमचे आप्पा लेकरू वाढवीत व्हते.” ताटातली सुपारी उचलून त्यांच्या हातात दिली. पाणीसुद्धा न पिता गेले.

तू मला आता थोर समजशील, तर तसं काही नाही. त्या घडीला माझ्या मनात तुझ्या लेकीचा कळवळा वगैरे नव्हता. आप्पांना हसला म्हणून राग आला, एवढंच. पण दुसऱ्या सकाळी वेणी घालताना शिवकन्येने विचारलं, “काका, ते आजोबा कावून रुसून गेले?” तिला तो कुणाचा तरी आजोबा वाटला होता. माझ्या तोंडात दोरा होता. मी नुसतं “हूं” म्हणालो. त्रिंबका, मला माझी इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

हे लग्न होणार नाही.

विठ्ठलराव


हैदराबाद दक्खन
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

श्रीयुत विठ्ठलराव पाटील यांस,

आपलं पत्र पावलं. आपल्या रागापायी माझी काय स्थिती झाली आहे याची आपल्याला कल्पना नाही. मामासाहेबांनी मला भर दफ्तरात विचारलं की तुमच्याकडे पुरुषांचेही टाक बायकांसारखे करतात का. सगळे हसले. खुर्ची पुन्हा मिळालेली नाही.

वडिलांची विटंबना झाली ती आपल्या डोळ्यांदेखत. पण मुलीचा प्रश्न वेगळा. ती माझी मुलगी आहे. तिचं कन्यादान करण्याचा अधिकार शास्त्राने आणि कायद्याने मला आहे, चुलत्याला नाही. पितृत्व ही काय चीज आहे हे आपण मला शिकवू नये. त्या विषयावर मी बोललेलं लोक अजून विसरलेले नाहीत.

माजलगावकरांची मी माफी मागितली आहे. ते पुन्हा तयार आहेत. मी स्वतः येऊन मुलीला घेऊन थेट माजलगावला जाईन. या कामासाठी मला आठ दिवसांची रुखसत लगेच मंजूर झाली आहे.

त्रिंबक


पिंपरवाडी
ज्येष्ठ पौर्णिमा

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

ये. बाप तू आहेस, मी तुला अडवणार नाही. अडवता येणारही नाही, तहसीलदार तुझ्याच बाजूने निकाल देईल. तुझी वहिनी चार दिवस जेवलेली नाही, पण तो आमचा प्रश्न.

एकच मागणं आहे. पोरीने तुला कधी पाहिलेलं नाही आणि आम्हीही तिला काही सांगितलेलं नाही. तू कोण आणि तिला कुठे नेणार, हे तुझ्या तोंडाने तिला सांग. ते काम माझ्याने होणार नाही.

विठ्ठलराव


हैदराबाद दक्खन
आषाढ शुद्ध द्वादशी

तीर्थरूप दादांच्या चरणी नमस्कार.

सुखरूप पोचलो. वाटेत गाडीत हाल झाले. आठ दिवसांच्या रुखसतीतला एकच दिवस आपल्याकडे राहिलो, कारण इकडे सौ.ची आणि दोन्ही मुलांची काळजी लागली होती.

माजलगावचं तूर्त राहू द्यावं. चातुर्मास लागला, मुहूर्त नाहीत. पुढेही घाई नको असं वाटतं. मुलगी अंगाने लहानखुरी आहे. मामासाहेबांना मी तसं कळवलं. माझी बदली आता दुसऱ्या दफ्तरात होते आहे. तिथे खुर्च्या नाहीत, पण माणसं बरी आहेत म्हणतात.

मी निघालो तेव्हा शिवकन्या झोपलेली होती. मागून माझ्याबद्दल काही बोलली का? सहज विचारतो.

त्रिंबक


पिंपरवाडी
आषाढ वद्य चतुर्थी

चि. त्रिंबक यास अनेक आशीर्वाद.

तू दारात उतरलास तेव्हा मी कवाडाआड होतो, हे तुला माहीत नाही. डोक्याला रुमी टोपी, अंगात शेरवानी, आणि ओट्यावर ही पोरगी खडे खेळत बसलेली. तिने विचारलं, “कोन पायजे?” तू माझं नाव सांगितलंस. ती म्हणाली, “तुमी कोन?” मी वाट बघत होतो. तू डोक्यावरची टोपी सारखी केलीस आणि म्हणालास, “पाहुणा.” तिने तुला गूळ-पाणी आणून दिलं. मीही गप्प राहिलो आणि तुझ्या वहिनीलाही गप्प बसवलं. वाटलं, संध्याकाळी सांगेल. जेवताना सांगेल. सकाळी मी मुद्दाम वेणी न घालता शेतावर गेलो.

तेव्हा काय झालं ते मला पोरीनेच सांगितलं. ती फणी घेऊन तुझ्यापुढे बसली आणि तू घालून दिलीस. मी परत आलो तेव्हा तिच्या पाठीवर वेणीच्या नावाखाली एक गाठोडं होतं. दिवसभर तिने ते कुणाला सोडू दिलं नाही. त्यावर मी तुला काही बोललो नाही, कारण तुझे डोळे लाल होते. आणि पहाटे तू निघून गेलास.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. मी वेणी घालायला घेतली आणि तिने आपण होऊन विषय काढला. म्हणाली, “काका, त्या पावन्याला वेणी येत न्हाई. पन हात लई हळू हाय.” मी हूं म्हणालो. मग म्हणाली, “त्यायला लेकरं हायेत का?” मी म्हणालो, “हायेत.”

“किती हायेत?”

त्रिंबका, मी दोरा दातात धरला. पण ती रोज विचारते आहे. दोन सांगू की तीन, ते कळव.

विठ्ठलराव